वशिंडाला इंग्रजीत काय म्हणतात?

टेक्ससमधल्या अर्विंग गावात आमच्या दुकानात भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर खडूने रोजचे पदार्थ लिहिलेले असतात: ब्रिस्केट, रिब्ज, सॉसेज, टर्की, बीन्स. पण एखाद्या शनिवारी सगळ्यात खाली आणखी एक शब्द उगवतो. वॉशिंड. नवीन गिऱ्हाईक तो वाचतं, डोकं खाजवतं आणि विचारतं, "हे कुठल्या गावचं नाव?" आमचा मालक हार्लन चेहऱ्यावरची एक सुरकुती न हलवता सांगतो, "इंडियातलं. इथलं वेको गाव सोडलं की थोडं पुढे."

तो शब्द मराठी आहे आणि फळ्यावर माझ्यामुळे चढला. कसा, ते सांगायला मी आज बसलोय.

त्याआधी एक पाटी लावतो. हे लिखाण गुराच्या मांसाबद्दल आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी आपली चकली उचलावी आणि पुढच्या पानावर जावं, तिथे पाककृती आहेत आणि त्या निर्दोष आहेत. माझा राग येणार नाही. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक स्वतः शाकाहारी, तेच म्हणाले, "विकासराव, सगळे आपले प्रोजेक्ट मॅनेजर झाल्याचं लिहितात. तुम्ही काहीतरी शिजवल्याचं लिहा." तेव्हा जबाबदारी त्यांची.

मी नगर जिल्ह्यातला, ख्रिस्ती घरातला. पुण्यात फोटोकॉपीची मशीनं विकायचो आणि संध्याकाळी हौशी नाटकांत कामं करायचो. राजाची भूमिका कधी मिळाली नाही. द्वारपाल मात्र मी जिवंत करायचो. बायको सुनीता नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्या पदराला धरून मी आलो. फोटोकॉपीच्या मशीनला इथे माझी गरज नव्हती. हार्लनला एक असा माणूस हवा होता, जो सुरी धरू शकेल आणि गिऱ्हाइकाशी बोलू शकेल. सुरी मला घरी शिकवलेली होती. बोलण्याबद्दल सुनीताला विचारा.

आता धंदा समजून घ्या. ब्रिस्केट म्हणजे गुराच्या पुढच्या दोन पायांमधली छाती. जनावर आयुष्यभर तिच्यावर वजन टाकून उभं असतं, त्यामुळे हे मांस म्हणजे चिवटपणाची परीक्षा. पण तेच मंद आचेच्या धुरात दिवसभर ठेवलं तर चिवट तंतू विरघळतात आणि तुकडा सुरीखाली थरथरायला लागतो. उलट, पाठीचा मऊ तुकडा असा दिवसभर ठेवला तर त्याचं लाकूड होतं, दाराला आडणा लावायच्या कामाचं. म्हणजे सगळा खेळ एका प्रश्नाचा: हा तुकडा जनावराच्या कुठल्या भागाचा? ते कळलं की किती वेळ शिजवायचं ते कळतं. ते नाही कळलं, तर तुम्ही स्वयंपाक करत नाही, जुगार खेळता.

आमची भट्टी विटांची. एका टोकाला ओकची लाकडं जळतात, दुसऱ्या टोकाला धुराडं, मधे मांस. मसाला मीठ आणि मिरपूड, बस्स. मी पहिल्या आठवड्यात धणे-जिऱ्याचा विषय काढला होता. हार्लनने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण चहात केचप घालणाऱ्याकडे पाहू. आणि एक नियम: विस्तवाला हार्लनशिवाय कोणी हात लावायचा नाही. कापा, विका, पुसा, गा, नाचा. विस्तव त्याचा. वर्षं झाली तरी मी त्या भट्टीचाही द्वारपालच होतो.

पण काउंटरवरचं नाटक माझं होतं. आजूबाजूला सगळी टेलिकॉमची आणि सॉफ्टवेअरची ऑफिसं, म्हणजे पुणे-मुंबई-नागपूरची पोरं भरपूर. दुकानाच्या पाटीवर ट्रकएवढा बैल रंगवलेला. तरी एक जोडपं आत येऊन मला हळूच विचारतं, "भैया, इसमें बीफ तो नहीं है ना?" मी मराठीत म्हणालो, "ताई, इथे खुर्च्यांमध्ये नाही. बाकी सगळ्यात आहे." त्या दचकून बीन्सच्या वाटीकडे वळल्या, तर मला ओरडावं लागलं, "अहो, बीन्समध्येसुद्धा! कोबीचं कोलस्लॉ घ्या!" त्या दिवसापासून दर शुक्रवारी ते कोलस्लॉ आणि केळ्याचं पुडिंग न्यायला येतात. दुसरे एक गृहस्थ ब्रिस्केटचा तुकडा परत घेऊन आले, कारण कडेला गुलाबी रेघ दिसली. "काका, हे कच्चं आहे." त्यांना समजावलं की ती धुराने आलेली लाली आहे, तिच्यासाठी इथले लोक एकमेकांशी पैजा लावतात. त्यांना पटलं नाही. घरी नेऊन त्यांनी त्याला कुकरच्या तीन शिट्ट्या दिल्या. मी हे हार्लनला सांगितलं तेव्हा तो खाली बसला.

आणि आमचा मंगेश. नागपूरचा, समोरच्याच इमारतीत कोड लिहिणारा. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून, तोंड भरलेलं असताना आईशी फोनवर, "हो आई, वरणभातच खातोय न, अजून काय." फोन ठेवून माझ्याकडे बघून, "काका, आई आली न इकडे, तर तुम्ही मला ओळखत नाही, बरं का." मी सांगितलं, "मी कुठल्याही मंगेशला ओळखत नाही. तुझं रोजचंच देऊ?"

त्या शुक्रवारी सकाळीही तो त्याच कोपऱ्यात होता, म्हणून गोष्टीला मजा आली.

टकर नावाचे एक म्हातारे रँचवाले होते. उत्तरेला डेंटनच्या पलीकडे त्यांची गुरं. जमीन घरं बांधणाऱ्यांनी घेतली होती, कळप विकून झाला होता. शेवटचे काही बैल त्यांनी मागे ठेवले ते एकाच कारणासाठी: मुलीचं, केलीचं, लग्न. केली त्या गुरांमागे धावत मोठी झाली, तिच्या लग्नात पाहुण्यांनी घरच्याच गुरांचं मांस खायचं, असा म्हाताऱ्याचा हट्ट. शिजवायचं काम आमच्याकडे. लग्न शनिवारी संध्याकाळी. शुक्रवारी सकाळी टकरसाहेब स्वतः कत्तलखान्यातून पेट्या घेऊन आले. हार्लनने झाकण उघडलं.

आत ब्रिस्केट नव्हतं.

चपटे, लांबट तुकडे अपेक्षित होते. त्याऐवजी आत गोलसर, उंचवट्याचे गोळे होते, मोठ्या पावाएवढे. कापलेल्या बाजूने पाहिलं तर लाल मांसात पांढऱ्या चरबीच्या बारीक बारीक रेघा, पार आतपर्यंत. चिरोटा मोडल्यावर पापुद्रे दिसतात ना, साट्याने सुटलेले, तसे. दुसरी पेटी उघडली, तिच्यातही तेच. हार्लनने एक गोळा उचलला, फिरवला, वास घेतला, खाली ठेवला. चाळीस वर्षं मांस कापणारा माणूस एकेक भाग वगळत गेला.

"खांदा नाही," तो म्हणाला. "मान नाही. जीभ तर नाहीच. टकर, ही तुझीच गुरं?"

"शिक्का माझा आहे," टकर म्हणाले. त्यांनी कत्तलखान्याला फोन लावला. पलीकडचा माणूस दिलगीर होता. तिथे कापणारा नवा आला होता, पेट्या भरताना घोटाळा झाला, टकरांचं ब्रिस्केट ह्यूस्टनच्या ट्रकमधून केव्हाच गेलं होतं. पेट्यांमधलं मांस त्यांच्याच गुरांचं, एवढं नक्की. कुठल्या भागाचं ते फोनवरच्याला ठाऊक नाही, आणि तो नवा कापणारा सुट्टीवर.

हार्लन म्हणाला, "माझ्याकडचं ब्रिस्केट घे. कोणाला कळणार नाही."

"मला कळेल," टकर म्हणाले. मग टोपी काढून हातात धरली. "हार्लन, कळपातलं आता हेच उरलंय. हे नसेल जमत तर सांग, मी कोंबड्या आणतो आणि गप्प बसतो. पण दुसऱ्याचं जनावर माझ्या मुलीच्या ताटात नको."

म्हणजे बघा. मांस आहे, पण ते काय आहे ते माहीत नाही. थोडं शिजवावं तर कदाचित रबर. जास्त शिजवावं तर कदाचित लाकूड. आणि चुकलं तर दुसरं नाही.

मी पेटी उचलून फ्रीजमध्ये ठेवायला गेलो. एक गोळा घसरला, मी तो तळहाताने सावरला. आणि तो हातात बसला. कसं सांगू? गोळ्याचा वरचा घुमट माझ्या पंजाच्या खळग्यात असा बसला, जशी ओळखीच्या घराची कडी हाताला अंधारात सापडते. मी दाबलं. तो एका बाजूला कलला आणि हळूच परत आला. पुन्हा दाबलं. पुन्हा कलला, परत आला. माझे डोळे आपोआप मिटले.

माझ्या मामाकडे दोन बैल होते, पवळ्या आणि हरण्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून दुखावलेले बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, मग लोणी आणि हळद लावून चोळायचे. आमचं घर ख्रिस्ती, पण बैलांना ते कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे खांदेमळणी दरवर्षी व्हायची. पवळ्याचा खांदा माझ्याकडे. मी स्टुलावर उभा राहून चोळायचो आणि चोळता चोळता हात वर सरकायचा. पवळ्याला वर चोळलेलं आवडायचं. तो मान खाली घालून डोळे अर्धे मिटायचा, आणि ते माझ्या हाताखाली कलायचं आणि परत यायचं.

"वशिंड!" मी ओरडलो.

हार्लन दचकला. टकर दचकले. कोपऱ्यात मंगेशचा घास अडकला.

"वॉट?" हार्लन म्हणाला.

"वशिंड! इट इज वशिंड!"

आणि इथे, मायबाप वाचकहो, रंगमंचावर मी वाक्य विसरलो. वशिंडाला इंग्रजीत काय म्हणतात? मी बैल चोळले मराठीत. इंग्रजी शिकलो फोटोकॉपीच्या मशीनवर. त्या मशीनला सगळं होतं, वशिंड नव्हतं. मी मंगेशकडे धावलो. "अरे, वशिंडाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"काका," मंगेश म्हणाला, "वशिंड म्हणजे काय यार?"

"नागपूरचा ना तू? तुमच्याकडे तान्हा पोळा असतो ना?"

"असतो न. पण तो लाकडाचा बैल असतो. त्याला चाकं असतात."

मी सुनीताला फोन लावला. ती वॉर्डात, नाइट ड्यूटी संपवायच्या घाईत. "बोला पटकन."

"वशिंडाला इंग्रजीत काय म्हणतात?"

मग तिचा नर्सचा आवाज, "कोणाला आलंय? कधीपासून?"

"कोणाला आलं नाही गं! बैलाचं!"

"तुम्ही बैलाला काय केलंत?"

"काही नाही केलं! शब्द सांग!"

"पाठीला बाक येतो त्याला कायफोसिस म्हणतात. मला पेशंट आहे." फोन बंद.

मी परत हार्लनसमोर उभा राहिलो. कायफोसिस म्हणून उपयोग नव्हता. डोक्यात एकच चित्र होतं. "कॅमल," मी म्हणालो. "लाइक कॅमल!"

हार्लनचा रंग उडाला. "टकर," तो हळू आवाजात म्हणाला, "हा म्हणतो हे उंटाचं आहे."

"उंट?" टकर म्हणाले. "माझ्या कळपात?"

शब्द संपले की नटाने काय करायचं? शरीर वापरायचं. मी माझा एप्रन सोडला, त्याचा बोळा करून मानेच्या मागे खांद्यांमध्ये ठेवला आणि दुकानाच्या जमिनीवर चारी पायांवर उतरलो. पवळ्या चालायचा तसा चाललो. जड, आळसावलेला, प्रत्येक पावलाला खांदा उचलत; पाठीवरचा बोळा डावीकडे कलला, परत आला, उजवीकडे कलला, परत आला. काउंटरपाशी वळलो आणि भूमिकेत पूर्ण शिरल्यामुळे एकदा हंबरलो. पंचवीस वर्षांच्या हौशी रंगभूमीवर मला एवढी शांतता मिळाली नव्हती.

टकरसाहेब पहिल्यांदा हसले. हसता हसता काउंटरला धरून उभे राहिले. "अरे, हा तर हुबेहूब आमच्या ड्यूक बैलासारखा चालतो! हंप! हार्लन, हा हंप म्हणतोय!"

हंप. एवढासा शब्द. त्यासाठी मी गुडघे सोलून घेतले.

मग उलगडा झाला. टकरांची गुरं ब्राह्मा जातीच्या वंशातली. ही वशिंडवाली गुरं मुळात आपल्याकडून बोटीने इकडे आणलेली. ऊन सोसतात म्हणून टेक्ससला आवडतात. (जातीचं नाव मंडळात सांगितलं तेव्हा काही भुवया वर गेल्या. स्पेलिंग माझं नाही.) म्हणजे तीही माझ्यासारखीच, तिकडून येऊन इथे इंग्रजी समजायला लागलेली. पण इथले कापणारे वशिंड वेगळं काढतच नाहीत, ते खिम्यात जातं. हार्लनने ते आयुष्यभर पाहिलं होतं, पण दळलेलं. तो नवा कापणारा ब्राझीलचा निघाला, असं पुढे कळलं. तिकडे वशिंड म्हणजे मोठी चैन, त्याने ते हौसेने अख्खं काढून ठेवलं आणि चुकून ते टकरांच्या पेट्यांत गेलं.

नाव कळलं, पण शिजवायचं किती? हार्लनने एका गोळ्याची पातळ चकती काढून तव्यावर टाकली. चरबी लगेच सुटायला लागली, वास असा की मंगेश खुर्ची ओढत जवळ आला. आम्ही चावून पाहिलं. चव छान, पण चावतोय, चावतोय, संपतच नाही.

"लांबचा पल्ला," हार्लन म्हणाला. "ब्रिस्केटएवढा तरी." मग त्याने हात पुसले आणि माझ्याकडे वळला. "व्हिक, उद्या पहाटे ये. विस्तव तुझा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "हार्लन, मी याला लोणी लावलंय. खाली जाळ कधी लावला नाही."

"मी तर लोणीसुद्धा लावलं नाही," तो म्हणाला. "तुमची ओळख आहे. मी फक्त खुर्ची टाकून बसेन."

टकरांनी टोपी परत डोक्यावर घातली. ते कोंबड्या आणायला गेले नाहीत एवढंच मी पाहिलं.

शनिवारी पहाटे मी गोळे मांडून मीठ-मिरी लावायला घेतली. पहिल्या गोळ्यावर हात फिरवला आणि हात थांबला. तोच उंचवटा, तोच पंजा. मी रोज मांस कापतो, कधी हात थांबत नाही. पण त्या वेळी माझ्या बोटांना पवळ्याचा श्वास लागला. मामाने पवळ्याला शेवटपर्यंत दावणीलाच ठेवलं होतं, विकलं नाही. मी काय करतोय हे त्याला दिसलं असतं तर त्याने काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. हळहळ वाटली, ती खरीच वाटली.

तेवढ्यात नाइट ड्यूटी संपवून सुनीता मागच्या दाराने आली, वॉर्डातल्या निळ्या कपड्यांत, थर्मासात चहा घेऊन. आदल्या संध्याकाळी तिला सगळी कथा सांगितली होती. तिने माझा थांबलेला हात पाहिला आणि पर्समधून एक छोटी डबी काढली. घरच्या हळदीत कालवलेलं लोणी.

"लावा," ती म्हणाली. "तुम्हाला तसंच येतं ना? मग तसंच करा. आणि रडू नका, मिठाचं प्रमाण बिघडेल."

हार्लन खुर्चीतून म्हणाला, "ते पिवळं काय?"

"मान," मी म्हणालो. इंग्रजीत 'रिस्पेक्ट' म्हणालो, दुसरा शब्द सुचला नाही.

त्याने विचार केला. "जळतं?"

"नाही."

"मग लाव."

मी प्रत्येक वशिंडाला खांदेमळणीसारखं दोन्ही हातांनी चोळलं. मग मीठ, मग मिरी. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या भट्टीत लाकूड घातलं. धूर पांढरा आणि दाट असेल तर मांस कडू होतं; तो पातळ आणि निळसर हवा, दिसतोय की नाही असा. तो जमायला मला थोडा वेळ लागला. हार्लन खुर्चीत. वर्तमानपत्र उलटं धरलेलं.

सकाळभर सगळं सुरळीत. मांसात खोचलेल्या थर्मामीटरचा काटा चढत होता. दुपारी तो थांबला.

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. मोठा तुकडा धुरात असताना एका टप्प्यावर त्याचं तापमान चढायचं थांबतं. मांसातलं पाणी बाहेर येऊन सुकत असतं, घाम आल्यावर अंग गार होतं तसं. खाली जाळ आहे, वर मांस आहे, आणि काटा जागचा हलत नाही. मी म्हणतो, मांस रुसतं. ब्रिस्केट रुसतं ते मला पाठ होतं. पण हे वशिंड ब्रिस्केटच्या वेळेत मानलं नाही. आणखी वाट पाहिली. नाही मानलं. टकरांचा फोन आला: चर्चमधलं लग्न लागलं होतं, मंडळी मंडपाकडे निघाली होती. "किती वेळ?" मी म्हणालो, "येतंय." नटाचं खोटं, प्रेक्षकांना कळत नाही असं.

माझा हात लाकडांकडे गेला. दोन ओंडके जास्तीचे, जाळ मोठा, काटा वर. हार्लनने वर्तमानपत्रावरून पाहिलं. मग पान उलटलं.

आणि मला पवळ्या आठवला. तो नांगरता नांगरता मधेच शेतात बसायचा. बसला की बसला. शेजारचे म्हणायचे, शेपटी पिरगाळ, चाबूक हाण. मामा काही करायचा नाही. बांधावर बसायचा, तंबाखू मळायचा, माझ्याशी गप्पा मारायचा. थोड्या वेळाने पवळ्या आपणहून उठायचा आणि असा चालायचा, जणू मधे काही झालंच नव्हतं. ज्यांनी शेपट्या पिरगाळल्या त्यांचे बैल दिवसभर अडलेले असायचे.

मी ओंडके खाली ठेवले. दुसरी खुर्ची ओढली आणि हार्लनशेजारी बसलो. थर्मासातला चहा त्याला दिला. तो प्यायला, तोंड वाकडं केलं, पुन्हा प्यायला.

"वर्तमानपत्र उलटं आहे," मी म्हणालो.

"मला माहितेय," तो म्हणाला.

खूप वेळाने, ऊन कलल्यावर, पवळ्या उठला. काटा सरकला, मग भराभर चढला. मी सळी खोचली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली, बाहेर आली. वरची साल काळी, पण हळदीमुळे तिला खालून एक सोनेरी झाक होती. तशी साल ना मी कधी पाहिली होती, ना हार्लनने. त्याने वाकून पाहिलं आणि टोपीला बोट लावलं. मांसाला की मला, अजून सांगत नाही.

मंडपात पोचलो तेव्हा पाहुणे भुकेने नाचत होते. मी पहिला काप टकरांच्या ताटात ठेवला. त्यांनी काटा टेकवला आणि तुकडा आपोआप सुटला. त्यांनी खाल्लं. मी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो, सुनीता माझ्याकडे, हार्लन छताकडे. म्हाताऱ्यांनी आणखी एक तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "आयुष्यभर मी हे हॅम्बर्गरमध्ये घालत आलो." आणि बायकोला हाक मारली, मग भावाला, मग जावयाला, "इकडे या, हे खा. हे आपलं आहे." मंगेशलाही मी वाढायला बोलावलं होतं, तो वाढत कमी आणि चाखत जास्त होता. आईचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच खरं बोलला, "आई, मी एका लग्नात आहे." जेवायला काय आहे ते तिने विचारायच्या आत रेंज गेली म्हणे.

ताटं रिकामी झाल्यावर केली, नवरी, पांढऱ्या झग्यात माझ्याकडे आली. माझा हात धरून थँक यू म्हणाली आणि धरलेल्या हाताकडे पाहत राहिली. पंजा पिवळाधमक.

"हे काय?"

मी सांगितलं. बैलाचा खांदा, लोणी, हळद, मान. आणि आमच्याकडे लग्नाआधी नवऱ्याला-नवरीला पण हीच हळद लावतात, हेही सांगितलं.

"मग मला का नाही लावली?" ती म्हणाली, आणि गाल पुढे केला.

मी सुनीताकडे पाहिलं. सुनीताने पर्समधून डबी काढली. तळाशी जराशी उरली होती. तिने दोन बोटांनी केलीच्या दोन्ही गालांना लावली, मग नवऱ्याच्या नाकाला. टकर म्हाताऱ्यांनी आपणहून गाल पुढे केला. हार्लन दोन पावलं मागे सरला, पण सुनीता नर्स आहे. पळणारे पेशंट तिला नवीन नाहीत.

आपल्याकडे नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लावायची रीत आहे. टेक्ससमध्ये मी नवरीला बैलाची उष्टी हळद लावून आलो. संसार झकास चाललाय. वशिंड मिळालं की हार्लन आता ते फळ्यावर लिहितो, त्याला ऐकू येतं तसं; दोघं नवरा-बायको दुकानात येतात आणि फळा वाचून ऑर्डर देतात. केली तो शब्द आता अगदी बरोबर उच्चारते.

मंगेशला अजून जमत नाही.